विद्यार्थ्याने जेवावे कोठे?

महाविद्यालयाच्या वार्षिक अंकात चारित्र्य, राष्ट्रीय एकात्मता, तारुण्य आणि साहित्य या विषयांवर पुष्कळ लिहिले जाते. जेवणावर मात्र सहसा कोणी लिहीत नाही. पोटाचा विषय म्हणजे हलका विषय, असा आपला एक समज आहे. वास्तविक दुपारी बारा वाजता, शेवटच्या तासाला, सर काव्यातील रसांचे विवेचन करीत असतात तेव्हा निम्म्या वर्गाच्या मनात दुसराच रस घोळत असतो, आणि त्या रसावर लाल तवंग असतो, हे सरांनाही ठाऊक असते. त्यांनाही भूक लागतेच. म्हणून हा विषय मांडण्याचे धाडस करीत आहे.

माझे म्हणणे थोडक्यात असे. खानदेशात खाण्यासारखे पुष्कळ आहे. जळगाव आणि धुळे या दोन्ही शहरांत खाण्याच्या जागाही पुष्कळ आहेत. पण शिकणाऱ्या मुलामुलींना, त्यातही खेड्यातून येणाऱ्या मुलींना, भर दुपारी निर्धास्तपणे बसून परवडणाऱ्या पैशांत आपले अन्न खाता येईल अशी जागा फार थोडी आहे. ही नुसती जिभेची तक्रार नव्हे.

आधी उन्हाविषयी, कारण आपल्याकडे सगळ्याच गोष्टी उन्हापासून सुरू होतात. खानदेश म्हणजे काही वाळवंट नव्हे. तापी, गिरणा, पांझरा या नद्या आहेत, केळीच्या हिरव्यागार बागा आहेत. परंतु होळी झाली की जे ऊन तापू लागते ते वाळवंटालाही लाजवील. एप्रिल-मे महिन्यांत पारा ४४-४५ अंशांना जाऊन टेकतो, आणि विद्यापीठाच्या परीक्षा बहुधा याच सुमारास येतात! माझ्यासारखी एरंडोलकडच्या खेड्यातून येणारी मुलगी सकाळी सहाची एस.टी. पकडते. त्यासाठी घरात पाच वाजता डबा भरला जातो. बारा वाजेपर्यंत त्या डब्यातली रसभाजी आंबते आणि वरणाचे तर विचारूच नका. म्हणून उन्हाळ्यात आमच्या आया डब्यात भाकरी, ठेचा आणि शेंगदाण्याची चटणी एवढेच देतात. तेवढे खाऊन, वर कॉलेजच्या टाकीतले कोमट पाणी पिऊन, दोन वाजता प्रात्यक्षिकाला किंवा ग्रंथालयात बसायचे म्हणजे काय, हे ज्याने केले असेल त्यालाच कळेल.

मग बाहेर खावे म्हटले तर कोठे? माझी दोन वर्षे धुळ्याला मामांकडे राहून गेली आणि आता जळगावला शिकते आहे, म्हणून दोन्हीकडचा थोडा अनुभव आहे.

पहिली जागा कॉलेजचे कँटीन. येथे चहा, वडापाव, समोसा आणि कचोरी मिळते. मैत्री, निवडणुका, स्नेहसंमेलनाची भांडणे आणि त्यांचे समेट, सारे येथेच होते. कँटीनची निंदा मी करणार नाही. पण वडापाव हे जेवण नव्हे. तीन वर्षे रोज वडापाव खाणाऱ्याला कला शाखेची पदवी मिळेल, पण पित्त पदवीच्या आधीच मिळेल.

दुसरी जागा बस स्थानकाचा आणि बाजारपेठेचा परिसर. सकाळचे पोहे, गरम जिलेबी, तळलेली मिरची, उसाच्या रसवंत्या, केळीचे वेफर्स, हिवाळ्यात मेहरूणची बोरे. जळगावकर या बाबतीत भाग्यवान आहेत. धुळ्याला पाच कंदील भागात संध्याकाळी गेले तर मन प्रसन्न होते. पण हे सारे उभ्या उभ्या खाण्याचे प्रकार. चव मिळते, टेकायला जागा मिळत नाही.

तिसरी जागा हमरस्त्यावरचे ढाबे. धुळे हे मुंबई-आग्रा आणि सुरत-नागपूर या दोन मोठ्या रस्त्यांच्या छेदावर वसलेले गाव. देशभरच्या ट्रका येथून जातात आणि त्यांच्या चालकांना रात्री-अपरात्री गरम जेवण लागते. या ढाब्यांनी आपल्याला जे दिले त्याचे नाव शेवभाजी. घरची शेवभाजी वेगळी आणि ढाब्याची वेगळी, पण दोन्हींचे मर्म एकच आहे. सुके खोबरे, कांदा आणि खडा मसाला काळपट होईतो भाजून वाटायचा, त्याचा झणझणीत रस्सा करायचा आणि वाढण्याच्या वेळी त्यात जाड तिखट शेव सोडायची. आधी सोडली तर लगदा होतो, उशिरा सोडली तर ती रस पीत नाही. माझ्या मते शेवभाजी ही आपल्या हवामानाची निर्मिती आहे. ज्या मुलखात चैत्र-वैशाखात ताजी भाजी मिळणे मुश्किल, तेथे डब्यात महिनाभर टिकणारी बेसनाची शेव हीच भाजी झाली. त्यातून हॉटेलवाल्याची सोय अशी की निवडणे नाही, चिरणे नाही. गिऱ्हाईक आले की पाच मिनिटांत भाजी तयार. म्हणूनच आपल्या साऱ्या पदार्थांत हा एक घरातून निघून हॉटेलात रुजला. मात्र एका शेवभाजीच्या पैशांत चार वडापाव येतात, हे गणित विद्यार्थ्याच्या खिशाला चुकत नाही. शिवाय ढाबा गावाबाहेर. मोटारसायकल असलेल्या मित्रमंडळींची ती सोय आहे, एस.टी.च्या पासवर फिरणाऱ्यांची नव्हे.

चौथी जागा खानावळ. महिन्याचे पैसे आगाऊ भरायचे आणि दोन वेळ जेवायचे. परगावच्या मुलांचा खरा आधार हाच. पण बहुतेक खानावळी मुलांच्या. तेथे मुली दिसल्या तर त्या डबा न्यायला आलेल्या, जेवायला बसलेल्या क्वचितच.

आता मूळ दुखण्याकडे येते. आम्ही तिघी मैत्रिणी गेल्या वर्षी एका हॉटेलात (नाव सांगण्याचे कारण नाही) दुपारी जेवायला गेलो. बाहेरची निम्मी टेबले मोकळी होती. तरी मालकांनी आम्हाला आतल्या अंधाऱ्या 'फॅमिली रूम'मध्ये पाठविले. तेथे पंखा नव्हता. वाढप्याने दोनदा विचारले, "सोबत कोणी आहे का?" आम्ही तिघी होतो, पण त्यांच्या हिशेबी आमच्यासोबत कोणी नव्हते! कोणी अपमान केला असे नाही. उलट त्यांना वाटले की ते आपल्या परीने आमची काळजीच घेत आहेत. पण बाईमाणसाला भूक लागली तर तिने ती पडद्याआड लागू द्यावी, हा त्यामागचा विचार मात्र स्पष्ट होता.

२०२३ च्या मार्च महिन्यापासून एस.टी.त महिलांना निम्मे तिकीट झाले. त्याने कितीतरी घरांतल्या मुलींचे शिक्षण सुकर झाले, हे मी डोळ्यांनी पाहते. मुलगी शहरात पोहोचण्याची सोय झाली. पोहोचल्यावर ती संध्याकाळपर्यंत जेवणार कोठे, याचा विचार मात्र कोणी केला नाही. माझ्या ओळखीच्या काही मुली दुपारचे तास बुडवून एकच्या गाडीने घरी जातात. विचारले तर म्हणतात, "तास कंटाळवाणा होता." खरे कारण भूक असते, पण भुकेचे नाव घ्यायला लाज वाटते.

शिक्षण आणि अन्न यांचा संबंध काही मी जोडलेला नाही. महाराष्ट्रात तो फार जुना आहे. गरीब मुलांनी सात घरी वार लावून जेवावे, माधुकरी मागावी आणि शिकावे, ही आपल्याकडची जुनी रीत. त्या रीतीत दया होती, पण ती जातीच्या उंबरठ्यापाशी थांबत होती. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९२४ साली साताऱ्याला वसतिगृह काढले, तेथे सर्व जातींची मुले एका पंक्तीला बसली. आपल्याकडे साने गुरुजी अमळनेरच्या छात्रालयात मुलांचे नुसते शिक्षक नव्हते, त्यांच्या दुखण्याखुपण्याची आणि खाण्यापिण्याची काळजी वाहणारी आईच होते. पुढे राज्यघटनेच्या १५ व्या कलमातच लिहिले गेले की धर्म, वंश, जात, लिंग किंवा जन्मस्थान यांवरून दुकाने आणि सार्वजनिक उपाहारगृहे यांत कोणालाही मज्जाव करता येणार नाही. देशाची घटना लिहिणाऱ्यांना हॉटेलाचे टेबल एवढे महत्त्वाचे वाटले! त्या कलमात 'लिंग' हा शब्द आहे, याकडे फॅमिली रूमवाल्यांचे लक्ष वेधावेसे वाटते.

हा प्रश्न आपल्याच सातपुड्यातल्या भावंडांना अधिक बोचतो. २०१८ साली शासनाने आदिवासी वसतिगृहांतील भोजनव्यवस्था बंद करून जेवणाचे पैसे थेट विद्यार्थ्यांच्या खात्यात जमा करण्याचे धोरण घेतले. तेव्हा विद्यार्थ्यांनी पुण्याहून नाशिककडे पायी मोर्चा काढला. पैसे मिळत असताना मुले का चिडली, असे काहींना वाटले. कारण साधे आहे. पैसा म्हणजे जेवण नव्हे. पैसा उशिरा येतो, घरी अडचण असली तर घरी पाठवावा लागतो, आणि हातात असला तरी परक्या शहरात परवडणारे ताट शोधावे लागते. शिजलेले अन्न वेळेवर समोर येणे ही वेगळीच गोष्ट आहे.

शासनानेही ताटाचे प्रयोग केले आहेत. १९९५ साली एक रुपयात झुणका-भाकर निघाली. पुढे ती केंद्रे बंद पडली. २६ जानेवारी २०२० रोजी दहा रुपयांची शिवभोजन थाळी सुरू झाली : दोन पोळ्या, एक भाजी, वरण आणि भात. या योजनांनी कष्टकऱ्यांची भूक भागविली हे खरे. पण सरकार बदलले की ताट डळमळते, हेही आपण पाहिले. म्हणून मला वाटते, की महाविद्यालयाने आपला विचार आपणच करावा.

त्यासाठी उदाहरण फार दूर शोधायला नको. मुंबईच्या गिरणगावात एकट्या राहणाऱ्या गिरणी कामगारांना जेवू घालणाऱ्या खानावळवाल्या बाया होत्या. सावकाराच्या कर्जात त्या पिचल्या होत्या. १९७५ साली प्रेमाताई पुरव यांनी त्यांना एकत्र आणून अन्नपूर्णा महिला मंडळ उभे केले, बँकेचे कर्ज मिळवून दिले. पोळी लाटणाऱ्या हाताला पत आली. केरळात कुटुंबश्रीच्या महिलांनी २०२० मध्ये वीस रुपयांत जेवण देणारी हॉटेले चालविली. फिनलंडसारख्या देशात विद्यापीठातल्या विद्यार्थ्याच्या जेवणाला सरकार हातभार लावते. तेथे बर्फ पडते आणि येथे आग, पण भुकेला हवामान नसते.

आपल्या गावोगावी महिला बचत गट आहेत. त्यांतल्या एखाद्या गटाकडे महाविद्यालयाने अकरा ते दोन या वेळात एक खोली, पाणी आणि चार पंखे द्यावेत. 'कमवा आणि शिका' योजनेतील विद्यार्थ्यांनी हिशेब आणि वाढप सांभाळावे. ताट साधे असावे : भाकरी, एक भाजी, वरण, ताक. ज्यांचा डबा आहे त्यांनी तो तेथेच गरम करून, मुलामुलींनी एकाच खोलीत, उजेडात बसून खावा. पडदा नको.

आणि ताटात आपले अन्न असावे. जळगावच्या भरिताच्या वांग्याला आणि केळीला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले, याचा आपल्याला अभिमान आहे. पण पऱ्हाट्यांच्या जाळावर भाजलेले, हिरवी मिरची, लसूण, कांद्याची पात घालून केलेले ते भरीत आणि ज्वारी-उडदाची कळण्याची भाकरी कॉलेजच्या आवारात कधी दिसते का? हॉटेलात पनीर आणि नूडल्स मिळतात, त्याचे वाईट वाटत नाही. वाईट याचे वाटते, की फुनके-कढी, डुबुकवडे, वरण-बट्टी हे पदार्थ डब्यात आणले तर काही मुले डब्याचे झाकण उभे धरून जेवतात. भाषेचेही तसेच झाले आहे. घरी अहिराणी किंवा लेवा बोली, कॉलेजात ती गिळायची. जे अन्न लपवून खातो त्याची बोलीही हळूहळू घशातच राहते, असे मला वाटते.

यावर आक्षेप येतील. कोणी म्हणेल, महाविद्यालय हे अन्नछत्र नव्हे. बरोबर आहे. मी फुकट मागत नाही. जागा आणि सावली मागते आहे. कोणी म्हणेल, असे उपक्रम दोन महिन्यांत बंद पडतात. पडतात, कारण ते एखाद्या उत्साही प्राध्यापकांच्या बदलीबरोबर जातात. म्हणूनच हा उपक्रम उत्साहावर न सोडता प्राचार्य, विद्यार्थी आणि बचत गट यांच्या लेखी करारावर चालावा. कोणी म्हणेल, जवळच्या हॉटेलवाल्यांचे नुकसान होईल. ज्यांच्याकडे आम्ही जाऊच शकत नाही, त्यांचे आमच्यामुळे नुकसान कसे होईल?

आपल्या विद्यापीठाला २०१८ पासून कवयित्री बहिणाबाई चौधरींचे नाव आहे. ज्या बाईला अक्षर येत नव्हते, पण जिची कविता शेतात, जात्यावर आणि चुलीपाशी उमलली, तिच्या नावाच्या विद्यापीठात शिकणाऱ्या लेकींनी दुपारी उपाशी राहावे, हे शोभत नाही. धुळ्याकडे भेटलेला माणूस आधी विचारतो, "जेवन व्हयनं का?" हा प्रश्न आपल्या मुलखाचा स्वभाव आहे. तो प्रश्न महाविद्यालयानेही आपल्या विद्यार्थ्यांना विचारावा, आणि उत्तर 'नाही' असे आले तर पुढच्या वर्षाच्या अंदाजपत्रकात एका खोलीची आणि चार पंख्यांची तरतूद करावी, एवढीच विनंती.

— तृतीय वर्ष, कला