फूटस्टेप काढून साइड स्कर्ट लावताय? आधी मागच्या सीटवरच्या आजीला विचारा

दिवाळीत सांगलीला मामांकडे गेलो, तर दारातली सात सीटर गाडी ओळखू येईना. दोन्ही बाजूंचे फूटस्टेप गायब आणि त्यांच्या जागी खाली उतरलेली चकचकीत काळी पट्टी. ‘साइड स्कर्ट बसवलेत. आता कशी एकदम पुण्याची वाटते ना?’ मामा म्हणाले. वाटत होती, खोटं कशाला बोलू. मग आजीला घेऊन औदुंबरला निघायची वेळ झाली. आजीनं नऊवारी सावरली, एक हात दाराला, एक माझ्या खांद्यावर, पाय उचलला आणि तसाच परत खाली ठेवला. शेवटी घरातून प्लास्टिकचं स्टूल आलं. औदुंबरला उतरायची वेळ आली तेव्हा ते स्टूल डिकीत, सगळ्या सामानाच्या खाली होतं.

साताऱ्यात आणि सांगलीत कार डेकोरच्या दुकानांसमोर उभं राहिलं की हा बदल करून घेणारे मामा भरपूर दिसतात. म्हणून हा विषय नीट उलगडून सांगावासा वाटला. इंजिनीअरिंग केलं आणि बातम्या लिहायला लागलो, त्या डिग्रीचा एवढा तरी उपयोग व्हावा.

मुळात या दोन वस्तू एकमेकींचा पर्याय नाहीतच. फूटस्टेप, साइड स्टेप, फूटरेस्ट, रनिंग बोर्ड, नाव काहीही घ्या, ती पायरी आहे. जुन्या मोटारींत पुढच्या आणि मागच्या मडगार्डला जोडणारी फळी असायची, त्यावर पाय ठेवून आत शिरायचं. पुढे मोटारींची बॉडी रुंद आणि बुटकी झाली आणि ती फळी आत गिळली गेली. जीप आणि तिच्या वंशातल्या उंच गाड्यांवर मात्र ती टिकली. साइड स्कर्टचा जन्म याच्या अगदी उलट घरातला. रेसिंग आणि स्पोर्ट्स गाड्या जमिनीला चिकटून धावतात. बाजूची हवा गाडीच्या पोटाखाली घुसली की तिथला कमी दाब बिघडतो, म्हणून कडेला पडदा लावतात. पोटाखालून वीतभर उंचीची मोकळी जागा असलेल्या गाडीला चार बोटांचा पडदा लावून हवा अडत नाही. शिवाय हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, म्हणजे ५० च्या वेगाला तो १०० च्या तुलनेत एक चतुर्थांश. पोवई नाका ते राजवाडा या प्रवासात स्कर्टमुळे मायलेज वाढेल असं कुणी दुकानात सांगत असेल, तर चहा प्यावा आणि निघावं.

राहिला दिसण्याचा मुद्दा. तो खरा आहे आणि त्यात लाजण्यासारखं काही नाही. स्कर्टमुळे गाडी खालून भरीव दिसते आणि पुढच्या चाकानं उडवलेली खडी थोडीफार झेलली जाते. प्रश्न एवढाच की त्याची किंमत कोण मोजतं.

स्पीडब्रेकरचं गणित

इंडियन रोड्स काँग्रेसच्या आयआरसी-९९ मध्ये गतिरोधकाचं माप दिलेलं आहे : १७ मीटर त्रिज्येची कमान, ३.७ मीटर रुंदी, मधोमध १० सेंटीमीटर उंची. पुढच्या-मागच्या चाकांत २.७५ मीटर अंतर असलेली गाडी अशा गतिरोधकावर आली, तर कमानीचा फुगवटा पोटाखालची फक्त साडेपाच सेंटीमीटर जागा खातो, कारण चाकंही त्याच कमानीवर असतात. कोणतीही एसयूव्ही इथून हसत जाते.

पण आपल्याकडचा गतिरोधक असा असतो का? गावाच्या वेशीवर, शाळेसमोर, कारखान्याच्या रस्त्यावर रातोरात उगवलेला तो हातभर रुंद, खडा उंचवटा बघा. तो इतका अरुंद असतो की पुढची चाकं उतरलेली, मागची अजून चढायची, आणि पूर्ण उंचवटा गाडीच्या बरोबर मध्ये. तो १५ सेंटीमीटरचा असेल तर पोटाखालचे १५ च्या १५ सेंटीमीटर गेले. आणि स्कर्ट नेमका तिथेच, दोन चाकांच्या मध्ये लटकलेला असतो.

कंपनीच्या ब्रोशरमधला ग्राउंड क्लिअरन्स इथे पुरत नाही. तो गाडीच्या सगळ्यात खालच्या भागाचा असतो आणि लॅडर फ्रेमच्या गाडीत तो भाग बहुतेक वेळा मागचा डिफरन्शियल. तो चाकाबरोबरच उंचवट्यावर चढतो, त्यामुळे वाचतो. दाराखालचा उंबरा वाचतोच असं नाही. म्हणून घरीच मोजा. गाडीत घरचे सगळे बसवा, डिकीत नेहमीचं सामान टाका, सस्पेन्शन दबू द्या, मग दोन चाकांच्या मधोमध उंबऱ्याच्या खालच्या कडेपासून जमिनीपर्यंत टेप धरा. त्यातून स्कर्टची लटकणारी उंची वजा करा. उरलेला आकडा तुमच्या रोजच्या रस्त्यावरच्या सगळ्यात वाईट गतिरोधकापेक्षा जास्त आहे का, हे तुम्हालाच ठरवता येईल. मामांच्या डाव्या स्कर्टची खालची कड तिसऱ्या आठवड्यातच उखडली होती. ऊसतोडीच्या दिवसांत ट्रॅक्टर-ट्रॉल्यांनी फाडलेल्या रस्त्याकडेला उतरावं लागलं, तिथे.

भोकं, बोल्ट आणि गंज

मला जास्त काळजी वाटते ती बसवण्याच्या पद्धतीची. गाडी लॅडर फ्रेमची असेल (बोलेरो, स्कॉर्पिओ, फॉर्च्युनर), तर खाली वेगळी पोलादी चौकट आहे आणि बॉडी तिच्यावर बसवलेली आहे. क्रेटा, हॅरिअर, एक्सयूव्ही ७०० या मोनोकॉक गाड्या. त्यांत दाराखालचा उंबरा हाच गाडीचा कणा असतो. पत्र्याचे थर जोडून केलेली ती बंद पेटी बाजूनं धडक बसली की बळ झेलते. भारत एनकॅपची चाचणी १ ऑक्टोबर २०२३ पासून सुरू झाली आणि स्टार बघून गाडी घ्यायची सवय आपल्याला लागली. त्यातल्या खांबाच्या चाचणीत गाडी ताशी २९ किलोमीटर वेगानं बाजूनं खांबावर आदळवतात. त्या वेळी याच पेटीचा कस लागतो. पाच स्टार बघून गाडी घ्यायची आणि दोन महिन्यांत त्याच पेटीला ड्रिल लावायचं, हे मला तरी समजत नाही.

एका स्क्रूच्या भोकानं पेटी कोसळत नाही, हेही सांगायला हवं. खरा शत्रू गंज. कारखान्यात बॉडी रसायनाच्या हौदात बुडवून आतून-बाहेरून लेप दिलेली असते. ड्रिल तो लेप फोडतं, लोखंडी कीस पेटीच्या आत पडतो आणि तिथेच राहतो. उंबऱ्याच्या तळाला पाणी निचरण्यासाठी बारीक भोकं असतात. स्कर्टची चिकटपट्टी किंवा सिलिकॉन त्यांवर आलं, तर पाणी आत साचतं. पाटण, जावळी, महाबळेश्वरच्या पावसात रोज फिरणाऱ्या गाडीला याचा फटका लवकर बसतो. जत, आटपाडी, माणकडच्या गाडीला उशिरा, तिथे स्कर्टच्या पोकळीत धूळ जमते आणि पहिल्या पावसात तिचा चिखल होतो. पुराच्या पाण्यातून गाडी काढली असेल, तर स्कर्ट उतरवून आतला गाळ धुऊन काढणं आलंच.

आणखी एक. दाराजवळच्या पट्टीखालून वायरिंग जातं, त्यात सीटबेल्टच्या आणि एअरबॅगच्या वायरी असू शकतात. बाहेरून आंधळेपणानं भोक पाडणाऱ्याला सरळ थांबवा. पंक्चर झाल्यावर जॅक लावायची खूण स्कर्टखाली झाकली जाणार नाही, हेही आधीच बघा. रात्री खंबाटकीत ते शोधायची वेळ येऊ नये.

फूटस्टेपची बाजूही निर्दोष नाही. समजा पायरी बॉडीपासून १५ सेंटीमीटर बाहेर आहे आणि ब्रॅकेटचे वरचे-खालचे बोल्ट ५ सेंटीमीटर अंतरावर. ६० किलोची आजी कडेवर उभी राहिली, तर वरच्या बोल्टवर साधारण १८० किलोची ओढ येते. म्हणून कंपनीनं ठेवलेल्या जागी, कंपनीच्या ब्रॅकेटवर बसवलेली पायरी आणि चौकात पत्र्याला स्क्रू मारून बसवलेली पायरी यांत जमीनअस्मानाचा फरक. बाहेर आलेली पायरी अरुंद गल्लीत दुचाकीवाल्याच्या नडगीला लागते, तिच्यावरचा चिखल साडीला लागतो. माणसं काढतात ती काही उगाच नाही.

कायदा काय म्हणतो

मोटार वाहन कायदा १९८८, कलम ५२. नोंदणी प्रमाणपत्रातला तपशील उत्पादकानं ठरवलेल्या मूळ तपशिलापेक्षा वेगळा होईल असा बदल मालकाला करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं हेच ठामपणे सांगितलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनंतर बेकायदा बदलासाठी मालकाला प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. पण कायद्यात ‘बदल’ म्हणजे गाडीचं मूळ वैशिष्ट्य पालटणारा रचनेतला फेरफार. चिकटवलेली प्लास्टिकची पट्टी त्यात बसत नाही, असं माझं वाचन आहे. उंबरा कापला, वेल्डिंग केलं, तर तेच म्हणण्याचं धाडस मी करणार नाही. बुल बारविरुद्ध केंद्रानं डिसेंबर २०१७ मध्ये राज्यांना कारवाई करायला सांगितलं, ते आठवून बघा. तेही ‘नुसतं अ‍ॅक्सेसरी’ म्हणूनच विकलं जात होतं.

याच कायद्याच्या कलम १२३ नुसार रनिंग बोर्डवर उभं राहून प्रवास करायला आणि करू द्यायलाही मनाई आहे. आपल्या दोन्ही जिल्ह्यांतल्या विजयी मिरवणुका बघितल्या, तर हे कलम कुणी वाचलेलं नसावं.

विम्याचं थोडक्यात : बाहेरून बसवलेली वस्तू पॉलिसीत ‘नॉन-इलेक्ट्रिकल अ‍ॅक्सेसरीज’मध्ये नोंदवलेली नसेल, तर ती फुटल्यावर दावा करताना अडचण येते. नोंद असली तरी झिरो डेप नसेल, तर प्लास्टिकच्या भागावर ५० टक्के आणि फायबरच्या भागावर ३० टक्के घसारा कापला जातो.

मग करायचं काय?

घरात वयस्कर माणूस नियमित गाडीत बसत असेल, तर पायरी काढू नका. माझं मत इतकं सरळ आहे. घराच्या जिन्याची पायरी सहा-सात इंचांची असते. उंच एसयूव्हीचा उंबरा त्याच्या दुप्पट-तिप्पट. गुडघे दुखणाऱ्याला मधली एक पायरी म्हणजे गाडीत बसता येणं की घरी राहणं, एवढा फरक. आजीनं दिवाळीनंतर शिखर शिंगणापूरला यायला नकार दिला तो ‘गर्दी असते’ म्हणून. तिला गर्दीचं कधी वावडं नव्हतं.

घरात सगळे तरणे असतील आणि पायरीची अडचणच होत असेल, तर ती काढा आणि गाडी तशीच मोकळी ठेवा. रिकाम्या भोकांना रबरी बूच आणि गंजरोधक लावा, गाडी छान दिसते. स्कर्ट हवाच असेल, तर त्या मॉडेलसाठी कंपनीनं बनवलेला, आधीच्याच जागांवर बसणारा घ्या आणि बिलावर पार्टचं नाव लिहून घ्या. दोन्ही हवं असेल, तर बॉडीला लागून असणारी अरुंद पायरी मिळते. ती स्कर्टसारखीच दिसते आणि पायाचा पुढचा भाग तिच्यावर मावतो.

मामांचे जुने फूटस्टेप अजून गोठ्याशेजारच्या खोलीत, पेंडीच्या पोत्यांमागे पडलेत. परवा त्यांचा फोन आला होता. बोल्ट सापडत नाहीत, कुठल्या मापाचे आणू म्हणून विचारत होते. नट गंजले असतील तर आदल्या रात्री गंज सोडवायचं तेल मारून ठेवा आणि जुनं ब्रॅकेट सोबत घेऊनच हार्डवेअरच्या दुकानात जा, असं सांगितलंय. रविवारी मीही जाणार आहे.