पाटी वाचा, नंबर विचारा

कष्टाच्या पैशातून, पी.एफ. काढून, कर्ज उचलून आपली माणसे आयुष्यात एकदाच घर बांधतात. म्हणून या वेळी आम्ही आर्किटेक्टच्या पाटीविषयी लिहीत आहोत.

डॉक्टर आणि वकील यांची नोंदणी असते हे आपल्याला ठाऊक आहे. आर्किटेक्टचीही असते. वास्तुविशारद अधिनियम, १९७२ या केंद्रीय कायद्याने दिल्लीत ‘कौन्सिल ऑफ आर्किटेक्चर’ स्थापन झाली. मान्यताप्राप्त पदवी घेऊन ज्याने या कौन्सिलकडे नाव नोंदविले, त्यालाच स्वतःला ‘आर्किटेक्ट’ म्हणवून घेता येते. त्याला नोंदणी क्रमांक मिळतो. तो ‘सीए’ या अक्षरांनी सुरू होतो, पुढे नोंदणीचे वर्ष आणि नंबर असतो.

आता फर्मचे पाहू. नोंदणी माणसाची होते, फर्मची नव्हे. भागीदारी फर्मला ‘आर्किटेक्ट्स’ अशी पाटी लावायची, तर तिचे सर्व भागीदार नोंदणीकृत हवेत. एक भागीदार आर्किटेक्ट आणि दुसरा नुसता पैसेवाला, हे चालत नाही. म्हणून मोठे ऑफिस पाहून भुलू नये. आपल्या नकाशावर सही कोणाची, त्याचा नंबर काय, हे विचारावे.

मात्र एक गोष्ट नीट समजून घ्या. १७ मार्च २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला की, हा कायदा ‘आर्किटेक्ट’ हे नाव लावण्यावर बंदी घालतो, नकाशा काढण्याच्या कामावर नाही. म्हणजे नोंदणी नसलेला माणूसही आराखडे काढू शकतो, पण आर्किटेक्ट म्हणून मिरवू शकत नाही. तेव्हा पारखण्याची जबाबदारी आपल्यावरच येते. नगरपालिका व महानगरपालिका परवानाधारक अभियंते व सर्व्हेअर यांचेही नकाशे नियमांच्या मर्यादेत स्वीकारतात. आपल्या कामाला कोणाची सही चालेल, हे पैसे देण्यापूर्वी बांधकाम विभागात जाऊन विचारावे.

आणखी एक घोटाळा होतो. वास्तुविशारद वेगळा आणि दारे-दिशा बदलायला सांगणारा वास्तुशास्त्री वेगळा. दुसऱ्याची या कौन्सिलकडे नोंदणी नसते आणि त्याच्या सल्ल्याने भिंतही मजबूत होत नाही.

फ्लॅट घेणाऱ्यांनाही हा विषय लागू आहे. २०१६ च्या रेरा कायद्यानुसार ग्राहकांकडून आलेल्या पैशांपैकी ७० टक्के रक्कम बिल्डरला वेगळ्या खात्यात ठेवावी लागते. काम जितके झाले, त्या प्रमाणातच ती काढता येते. त्यासाठी अभियंता, आर्किटेक्ट आणि चार्टर्ड अकाउंटंट या तिघांचा दाखला लागतो. आर्किटेक्टच्या एका सहीवर आपली पुंजी अशी अवलंबून असते.

नोंदणीकृत आर्किटेक्टने गैरवर्तन केले, तर कौन्सिलकडे लेखी तक्रार करता येते. चौकशीत दोषी ठरल्यास ताकीद, निलंबन किंवा नाव कमी करणे, अशी कारवाई होते. नोंदणीच नसेल, तर हा दरवाजा बंद! म्हणून कामाचा करार लेखी करा, दिलेल्या पैशांची पावती घ्या.

शेवटी पालकांना सांगणे. ज्या मुलामुलीला गणित जमते, चित्र काढायची आवड आहे, तिला या वाटेची माहिती द्या. बी.आर्च.चा अभ्यासक्रम पाच वर्षांचा आहे. अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांना मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती आहे. तिच्या अटी समाजकल्याण कार्यालयात विचारा. इमारतींवर विटा वाहणारे हात आपल्या समाजात पुष्कळ झाले. आता नकाशावर सही करणारे हातही आपल्या घरात तयार झाले पाहिजेत.