उपमानाचा उंदीर

चेन्नईच्या अड्यार भागात १९३६ साली ‘कलाक्षेत्र’ उभारणाऱ्या रुक्मिणीदेवी अरुंडेल यांनी पुढे राज्यसभेत प्राणिरक्षणाचे खासगी विधेयक मांडले. १९६० चा प्राणिक्रौर्य प्रतिबंधक कायदा ही त्या प्रयत्नाचीच परिणती होय. त्याच अड्यारमध्ये १९५४ साली डॉ. मुथुलक्ष्मी रेड्डी यांच्या पुढाकाराने कर्करोग संस्था स्थापन झाली. कायद्याने प्रयोगांना मनाई केली नाही. प्राण वाचविणाऱ्या ज्ञानासाठी ते मान्य केले, आणि गिनीपिग, ससे, बेडूक, उंदीर यांच्यावर भागेल तेथे मोठे प्राणी टाळावेत असे सांगितले. करुणेलाही उतरंड असते, ती अशी.

तिच्या तळाशी असलेल्या उंदरावर स्वादुपिंडाच्या कर्करोगाचा अभ्यास चालतो. मानवी रोगात आढळणारे दोन जनुकीय बिघाड ज्याच्या स्वादुपिंडात मुद्दाम घडविले आहेत, असा उंदीर २००५ साली अमेरिकेत सिद्ध झाला. काव्यशास्त्राच्या परिभाषेत हा उंदीर उपमान आणि रोगी उपमेय. तोल्काप्पियममध्ये उपमेला स्वतंत्र प्रकरण आहे. संस्कृत आलंकारिकांनीही तिचा कीस काढला आहे. उपमेत साधर्म्याइतकाच भेदही गृहीत असतो. रूपकात तो लोपतो. तो लोपल्यास काय घडते, हे २००९ नंतर दिसून आले. गाठीभोवतीचे दाट तंतुमय आवरण विरळ करणारे एक नवे औषध नेहमीच्या औषधाच्या जोडीने दिले असता उंदरांचे मध्यक आयुष्य सुमारे ११ दिवसांवरून २५ दिवसांवर गेले. माणसांवरील चाचणी मात्र २०१२ साली थांबवावी लागली, कारण नवे औषध घेणारे रोगीच लवकर दगावत होते. २०१४ मध्ये उंदरांवरच्याच पुढील प्रयोगांनी सुचविले, की ते आवरण गाठीला काही अंशी बांधूनही ठेवते. उपमानाने आपले काम केले होते. त्यातून अर्थ काढण्याची घाई झाली.

मराठीला हा विषय परका नाही. पुण्यात जन्मलेल्या डॉ. कमल रणदिवे यांनी मुंबईच्या भारतीय कर्करोग संशोधन केंद्रात उंदरांच्या साहाय्याने स्तनाच्या कर्करोगाचा अभ्यास केला. तरीही ‘ॲनिमल मॉडेल’साठी प्रारूप, प्रतिमान, नमुना असे शब्द आलटून पालटून योजिले जातात, आणि त्यांपैकी एकही भेदाची जाणीव देत नाही. ‘कर्करोगावर औषध सापडले’ असा मथळा येतो. उंदीर भेटतो तो चौथ्या परिच्छेदात, आणि रुग्णाचे नातलग तेथवर पोचतातच असे नाही. चाचणीचे संमतिपत्रक तमिळमध्ये असो वा मराठीत, औषध आजवर कोणाकोणावर तपासले गेले हे त्याच्या पहिल्या ओळींत यावयास हवे. भारतीय भाषांच्या विभागांनी असली पत्रके आपल्या अभ्यासाबाहेर का ठेवावीत?