घर मुलांच्या नावे, शुश्रूषा कोणाच्या माथी?

इंग्लंडमध्ये कायमस्वरूपी शुश्रूषागृहात राहणाऱ्या वृद्धाची मालमत्ता २३,२५० पौंडांहून अधिक असेल, तर तेथील खर्च सामान्यतः त्यानेच सोसायचा असतो. घरात जोडीदार राहत नसेल, तर सहसा घरही या मालमत्तेत मोजले जाते. म्हणून ते आधीच ट्रस्टच्या नावे करण्याचा मार्ग अनेक कुटुंबे शोधतात. खर्च टाळण्यासाठीच हे केले असे दिसले, तर स्थानिक प्रशासन ते घर तरीही हिशेबात धरू शकते.

भारतात प्रश्नाचे स्वरूप उलटे आहे. येथे सरकार वृद्धाचे घर मोजत नाही, कारण दीर्घकालीन शुश्रूषेचा खर्चच ते सहसा उचलत नाही. २०२४ मध्ये ७० वर्षांवरील सर्वांना आयुष्मान भारत योजनेत सामावून घेण्यात आले. परंतु हे संरक्षण प्रामुख्याने रुग्णालयातील उपचारांपुरते आहे. पक्षाघातानंतर घरी ठेवावी लागणारी परिचारिका किंवा स्मृतिभ्रंशाच्या रुग्णाला लागणारी अहोरात्र सोबत यांचा भार कुटुंबावरच पडतो. निवृत्तिवेतन नसलेल्या दाम्पत्यासाठी राहते घर हीच अखेरची पुंजी ठरते.

ही पुंजी हयातीतच हातावेगळी करणे मात्र राज्यांनी स्वस्त केले आहे. महाराष्ट्रात राहते घर मुलांना बक्षीस देताना मुद्रांक शुल्क अवघे २०० रुपये आहे. स्थानिक अधिभार वेगळा. पुढे भावंडांत तंटा नको, हा पालकांचा हेतू रास्तच असतो. पण मृत्युपत्र हयातीत केव्हाही बदलता येते, पूर्ण झालेले बक्षीसपत्र मनात आले म्हणून मागे घेता येत नाही.

ज्येष्ठ नागरिकांच्या निर्वाह व कल्याणासाठीच्या २००७ च्या कायद्यातील कलम २३ येथे आधार देते. सांभाळाच्या अटीवर दिलेली मालमत्ता, ती अट मोडल्यास, न्यायाधिकरण परत मिळवून देऊ शकते. मात्र अशी अट होती हे सिद्ध व्हावे लागते, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये स्पष्ट केले. जानेवारी २०२५ मध्ये मध्य प्रदेशातील एका मातेला घर परत देताना न्यायालयाने या कायद्याचा उदार अर्थ लावला. पण तिच्याही बाजूने बक्षीसपत्रासोबतचे सांभाळाचे लेखी वचन उभे होते. ज्यांनी केवळ विश्वासावर सही केली, त्यांचे काय? निर्वाहभत्त्याची कमाल मर्यादा तर या कायद्यात महिना १०,००० रुपयेच आहे.

ट्रस्ट हा यावरचा रामबाण उपाय नव्हे. दस्तात तहहयात निवासाचा आणि गरज पडल्यास घर विकून शुश्रूषेचा खर्च भागवण्याचा हक्क राखलेला नसेल, तर मालकी विश्वस्तांकडे जाते आणि वृद्ध पुन्हा परावलंबी होतो.

म्हणून सुधारणेची सुरुवात दुय्यम निबंधक कार्यालयातून व्हायला हवी. ज्येष्ठाने केलेल्या प्रत्येक बक्षीसपत्रात निवासाची व सांभाळाची अट आधीच छापलेली असावी. ती नको असल्यास दात्याने तसे समजून-उमजून लिहून द्यावे. याला सरकारी तिजोरीतून फारसा खर्च लागणार नाही. शुश्रूषेचा भार राज्य पेलणार नसेल, तर ज्या छपराच्या भरवशावर वृद्ध तो पेलतात, ते त्यांच्या हातून अजाणता निसटू नये, एवढी काळजी तरी त्याने घ्यावी.