बाळसे किती दिवसांचे?

मोठ्या माणसाचे पोट सुटते. मुलाला मात्र बाळसे येते. मोठा माणूस बेढब होतो. मूल गुटगुटीत होते. लठ्ठपणाच्या बाबतीत आपली भाषा मुलांशी फार मायेने वागते. ठाण्याच्या नौपाड्यात काय किंवा डोंबिवलीच्या फडके रस्त्यावर काय, अशा मुलाचा गालगुच्चा घेऊन कोणी "खात्यापित्या घरचा दिसतो हो!" म्हणाले, की आईच्या अंगावर मूठभर मांस चढते. मुलाच्या अंगावर ते आधीच चढलेले असते!

हे कौतुक उगाच जन्मलेले नाही. त्यामागे उपासमारीची जुनी धास्ती आहे. जव्हार तालुक्यातील वावर-वांगणी येथे १९९२ साली कुपोषणाने बालके दगावली, तेव्हा तो भाग आपल्याच ठाणे जिल्ह्यात होता. पालघर जिल्हा वेगळा झाला तो २०१४ साली. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीतही महाराष्ट्रातील पाच वर्षांखालच्या शंभर मुलांपैकी ३५ मुलांची वाढ खुंटलेली आढळली. वजन प्रमाणाबाहेर असलेली मुले शंभरात चार. आकडा लहान खरा. पण चारपाच वर्षांपूर्वीच्या पाहणीत तो दोनच होता!

त्यातून निसर्गाने आपल्याशी एक लबाडी केली आहे. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक व त्यांचे सहकारी यांनी पुण्याजवळच्या खेड्यांतील नवजात बालके इंग्लंडमधील बालकांशी ताडून पाहिली. २००३ साली त्यांनी निष्कर्ष प्रसिद्ध केला. आपली बाळे सरासरी २.७ किलोची, तिकडची साडेतीन किलोची; आपल्या बाळांचे स्नायू कमी, पण पाठीच्या कातडीखालची चरबी मात्र जवळजवळ तेवढीच. म्हणजे आपले किडकिडीत मूल आतून तितकेसे किडकिडीत नसते. अशा शरीरावर पुढे भराभर वजन चढले, की मधुमेह आणि रक्तदाब ही आजोबांची दुखणी नातवाला लवकर जडण्याचा धोका वाढतो.

दिवाळीच्या दिवसांत सगळा राग चकली-करंजीवर निघतो. पण चार दिवसांच्या फराळाने कोणाचे मूल लठ्ठ होत नाही. ते होते उरलेल्या ३६१ दिवसांत, आणि आमच्या गावात त्या दिवसांचे वेळापत्रक लोकलगाडी ठरवते. माझ्या शेजारचेच घर घ्या. आईवडील सकाळी पावणेआठची जलद गाडी गाठतात आणि रात्री आठनंतर परततात. दुपारी मूल शाळेतून येते, तेव्हा घरात आजी, बिस्किटांचा पुडा आणि मोबाईल. मग शिकवणी. रात्री साडेनऊला सगळे जेवायला बसतात. दिवसभर दृष्टीस न पडलेल्या लेकराला आग्रह करकरून वाढतात. सगळी माया त्या एका ताटात! झोपायला साडेअकरा, आणि सकाळी सहाला उठणे. शाळकरी मुलाला निदान नऊ तास झोप हवी. याला मिळते साडेसहा. झोप अपुरी पडली की भूक वाढते, गोडाची ओढ वाढते. या घरात हावरट कोणी नाही, बेफिकीरही कोणी नाही. तरी मुलाच्या शर्टाची बटणे लागत नाहीत.

मुलाने रोज ६० मिनिटे धावावे-खेळावे, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. धावावे कोठे? कल्याण-डोंबिवलीच्या जुन्या चाळींना पुढे अंगण असे, मागे विहीर असे, आणि मधल्या जागेत लगोरी नि डबा ऐसपैस चाले. चाळींच्या जागी मनोरे आले आणि अंगणात मोटारी उभ्या राहिल्या. उरलेल्या तुकड्यावर पाटी : 'येथे चेंडू खेळण्यास सक्त मनाई आहे.' घोडबंदर रस्त्यावरच्या मोठ्या संकुलांत खेळायला जागा आहे म्हणावे, तर खेळाच्या वेळीच शिकवणीची वेळ!

त्यात बाटलीतल्या पेयांची भर. ३०० मिलिलिटरच्या थंड पेयात साधारण तीस ग्रॅम साखर, म्हणजे सातआठ चमचे. आठनऊ वर्षांच्या मुलाच्या पोटात दिवसाकाठी वरची साखर पाचसहा चमच्यांहून अधिक न गेलेली बरी. शाळांच्या उपाहारगृहांत असले पदार्थ विकण्यास महाराष्ट्र सरकारने २०१७ साली बंदी केली. २०२० च्या केंद्रीय नियमांनी ती फाटकापासून ५० मीटरपर्यंत नेली. ठीक झाले. पण भुकेल्या मुलाला एकावन्नावा मीटर कितीसा दूर? आणि मोबाईलवरून मागवलेला पिझ्झा तर थेट दाराशी येतो.

तेव्हा वाचकहो, मुलाला 'जाड्या' म्हणून चिडवण्यात काही अर्थ नाही. त्याची कंबर उंचीच्या निम्म्याहून अधिक भरू लागली, तर डॉक्टरांना दाखवावे. जेवण तासभर अलीकडे आणावे, आठवड्यातली एखादी शिकवणी सोडावी. आणि जे एका घराच्या हातचे नाही, ते सोसायटीच्या वार्षिक सभेत न्यावे. आमच्या सभेत रंगकामाच्या आणि पाण्याच्या टाकीच्या आधी मी एक ठराव मांडणार आहे : सायंकाळी सहा ते सात मोटारी बाहेर, अंगण मुलांचे, आणि ती मनाईची पाटी खाली. विरोधाची भाषणे आताच ऐकू येताहेत. अनुमोदक मिळतो का, तेवढे पाहायचे!