फायबर दारात आलं, लॅपटॉप मात्र ताटकळतोय: हिंगोलीतल्या संथ वाय-फायचा हिशोब

हिंगोली जिल्ह्यात इंटरनेटचा विषय निघाला की एकच प्रश्न यायचा, फायबर कधी येणार? प्रश्न रास्त होता. २०११ मध्ये मंजूर झालेली आणि २०१५ पासून भारतनेट या नावाने ओळखली जाणारी केंद्राची योजना मुळात ग्रामपंचायतीपर्यंत फायबर नेण्याची होती. पंचायतीपासून घरापर्यंतचं पुढे बघू, असा एकूण कारभार. ऑगस्ट २०२३ मध्ये मंत्रिमंडळाने सुधारित भारतनेटला १,३९,५७९ कोटी रुपये मंजूर केले. त्यात ग्रामपंचायती रिंगने जोडायच्या आहेत, म्हणजे रस्त्याच्या कामात जेसीबीने एका बाजूची केबल तोडली तरी डेटा दुसऱ्या बाजूने फिरून येईल. घराघरात कनेक्शन देण्यासाठी स्थानिक उद्योजकांना सोबत घेण्याचाही त्यात विचार आहे. दरम्यान तालुक्याच्या गावांत केबलवाल्यांनी आणि खासगी कंपन्यांनी फायबर टाकलंसुद्धा.

आता दुसरीच तक्रार सुरू झालीय. प्लॅन १०० एमबीपीएसचा आणि लॅपटॉपवर मिळतात ८-१०. ही फक्त सिनेमा अडकण्याची गोष्ट नाही. पुण्याची नोकरी कळमनुरीतून करणाऱ्या पोराचा व्हिडिओ कॉल रोज तुटला तर मॅनेजर एक दिवस ‘ऑफिसला या’ म्हणतो. इंजिनिअरिंगच्या कॅप राउंडचा ऑप्शन फॉर्म शेवटच्या संध्याकाळी अडकला तर काय होतं, हे घरात बारावीचं मूल असलेल्यांना सांगायला नको.

माझं म्हणणं असं की, अशा बऱ्याच घरांत अडचण फायबरमध्ये नसते, शेवटच्या दहा मीटरमध्ये असते. आणि त्या दहा मीटरची जबाबदारी कुणाचीच नाही. ट्रायने सेवेच्या गुणवत्तेचे नवे नियम १ ऑक्टोबर २०२४ पासून लागू केले. पण ते कंपनीच्या जाळ्याची परीक्षा घेतात, तुमच्या माजघरातल्या वाय-फायची नाही. म्हणून लाइनमन येतो, डब्याला वायर लावून ९५ दाखवतो आणि जातो. तो खोटं बोलत नाही. तुम्हीही नाही.

तेव्हा आधी दोष कुठे आहे ते वेगळं काढा. लॅपटॉपला लॅनचं पोर्ट असेल तर दोन-तीनशे रुपयांची केबल आणून राउटरला थेट जोडा, बाकी सगळ्यांचं वाय-फाय बंद करा आणि स्पीड टेस्ट घ्या. पोर्ट नसेल तर राउटरपासून दोन पावलांवर उभं राहून करा. सकाळी एकदा, रात्री नऊला एकदा. केबलवरही आकडा कमी आला तर भांडण कंपनीशी आहे. स्क्रीनशॉट ठेवा, तक्रारीचा नंबर घ्या, दाद लागली नाही तर त्याच कंपनीच्या अपिलेट ऑथॉरिटीकडे जा. त्याआधी भिंतीवरची पातळ फायबर वायर मात्र बघून घ्या. खिळ्याला करकचून गुंडाळलेली किंवा खिडकीच्या फटीत चेपलेली असेल तर वळणावर प्रकाश बाहेर गळतो.

एक किरकोळ गोष्ट. १०० एमबीपीएस म्हणजे सेकंदाला १०० मेगाबिट, मेगाबाइट नव्हे. आठने भागा. डाउनलोडच्या खिडकीत १२ मेगाबाइट दिसत असतील तर तुम्हाला पूर्ण स्पीड मिळतोय, तक्रार करू नका.

केबलवर ९५ आणि वाय-फायवर १०, तर मग खरी गंमत आहे. विंडोज ११ मध्ये सेटिंग्जमधून नेटवर्क अँड इंटरनेट, तिथून वाय-फाय आणि मग जोडलेल्या नेटवर्कच्या प्रॉपर्टीजमध्ये जा. खाली ‘नेटवर्क बँड’ आणि ‘लिंक स्पीड’ या दोन ओळी आहेत. बँड २.४ गिगाहर्ट्झ आणि लिंक स्पीड ७२ दिसला तर उत्तर सापडलं. स्वस्त लॅपटॉपमध्ये बऱ्याचदा एकाच अँटेनाचं, फक्त २.४ वर चालणारं जुनं वाय-फाय कार्ड असतं. २० मेगाहर्ट्झच्या चॅनलवर त्याची कागदावरची कमाल ७२ आणि प्रत्यक्षात साधारण निम्मी. म्हणजे ३०० चा प्लॅन घेतलात तरी या लॅपटॉपला तो दिसणारच नाही. प्लॅन वाढवायला सांगणाऱ्या एजंटने हे तुम्हाला सांगितलं का?

२.४ चा पट्टा आपल्याकडे २००५ मध्ये परवानामुक्त झाला. रुंदी जेमतेम ८३.५ मेगाहर्ट्झ, त्यात एकमेकांच्या पायात न येणारे चॅनल तीनच: १, ६ आणि ११. गल्लीतले सगळे राउटर, ब्लूटूथ, ओव्हन, सगळे तिथेच. ५ गिगाहर्ट्झमधला ६०५ मेगाहर्ट्झचा पट्टा ऑक्टोबर २०१८ मध्ये मोकळा केला गेला. तिथे दोन अँटेनांच्या साध्या कार्डालाही ८६७ चा लिंक स्पीड मिळतो. मे २०२५ मध्ये ६ गिगाहर्ट्झच्या खालच्या भागासाठी नियमांचा मसुदा आला तेव्हा टेक बातम्यांत केवढा उत्सव! सेनगावच्या घरातला लॅपटॉप अजून २.४ वर आहे, त्याला त्या बातमीचा काय उपयोग?

५ ची एक खोड आहे, भिंत लागली की ते लवकर दमतं. मराठवाड्यातलं जुनं माळवदाचं घर म्हणजे दोन-दोन फुटांच्या दगडमातीच्या भिंती. उन्हाळ्यात थंडगार, पण वाय-फायसाठी किल्लाच. नव्या स्लॅबच्या घरात लोखंडी कपाट आणि पत्र्याची शेड तेच काम करतात. राउटर बहुतेक वेळा लाइनमनला वायर जिथून आत घ्यायला सोपी गेली तिथे, म्हणजे दाराच्या वर किंवा टीव्हीच्या मागे लटकलेला असतो. औंढा नागनाथजवळ दुधाळ्याला लायगोची चार-चार किलोमीटरच्या भुजांची वेधशाळा उभी राहणार आहे, प्रोटॉनपेक्षाही सूक्ष्म हालचाल टिपणारी. त्याच तालुक्यात ओसरीतून माजघरात सिग्नल जात नाही. असो. राउटर घराच्या मध्यावर, डोक्याच्या उंचीवर, उघड्यावर ठेवा. जाड भिंतीच्या घरात महागडा राउटर घेण्यापेक्षा भिंतीला भोक पाडून लॅन केबल आत नेणं आणि तिथे दुसरा साधा राउटर बसवणं केव्हाही चांगलं.

दुसरं कारण सहसा कुणाच्या लक्षात येत नाही. वाय-फायवर एका वेळी एकच जण बोलतो. पिठाच्या गिरणीत तुमचा डबा दोन किलोचा असला तरी पुढच्याचं पोतं संपेपर्यंत थांबावं लागतं, तसंच. गोठ्याजवळ बसून जुन्या मोबाइलवर रील बघणारा कमकुवत सिग्नलवर हळू बोलतो आणि सगळ्यांचा वेळ खातो. राउटरमध्ये ५ आणि २.४ ला वेगळी नावं द्या. लॅपटॉप ५ वर ठेवा, बाकी मंडळी २.४ वर.

कार्डच जुनं असेल तर हजाराच्या आसपास ड्युअल बँडचा यूएसबी अडॅप्टर मिळतो. राउटरही ५ चा आहे ना, हे आधी बघा, कारण प्लॅनसोबत फुकट मिळणारा बऱ्याचदा फक्त २.४ चाच असतो. लॅपटॉप बॅटरीवर असतानाच संथ होत असेल तर पॉवर सेटिंगमध्ये वायरलेस अडॅप्टरची बचत बंद करा. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट संपला, त्या निमित्ताने नवा लॅपटॉप घेणार असाल तर रॅमसोबत वाय-फाय कार्ड कोणतं आहे तेही दुकानदाराला विचारा.

सरकारकडून अपेक्षा एवढीच आहे. जानेवारी २०२३ मध्ये ब्रॉडबँडची व्याख्या ५१२ केबीपीएसवरून २ एमबीपीएसवर नेली. पण खोक्यावर वाय-फायचा बँड ठळक छापा, आणि अनुदानाच्या पैशातून घरात जाणारा राउटर दोन्ही बँडचाच द्या, असा नियम काढायला कोट्यवधी रुपये लागत नाहीत. भारतनेटची पुढची कनेक्शनं गावोगावी बसायच्या आधी तो निघायला हवा, कारण एकदा २.४ चा डबा भिंतीला लागला की आठ-दहा वर्षं कुणी तो काढत नाही.