मशालजी, डिपर आणि शनिवार पेठेतला पांढरा अंधार

१/ इतिहासाची आवड असलेल्या मंडळींकडून एक युक्तिवाद वारंवार ऐकू येतो. मशाल, मग कंदील, मग कार्बाइडचा दिवा, मग हॅलोजन, आता एलईडी. प्रकाश वाढत गेला हाच दिव्यांचा इतिहास. तेव्हा मोटारीत कंपनीचा बल्ब काढून दुप्पट प्रखर बल्ब बसवणारा माणूस इतिहासाच्या प्रवाहाबरोबरच चालला आहे. युक्तिवाद ऐटबाज आहे आणि साफ चुकीचा आहे. मोटारीच्या दिव्याचा इतिहास प्रकाश वाढवण्याचा जितका आहे, त्याहून अधिक तो प्रकाश आवरण्याचा आहे.

२/ सुरुवात शनिवार पेठेतूनच करू. मुर्तजाबाद हे या पेठेचे जुने नाव. जानेवारी १७३० मध्ये पहिल्या बाजीरावांनी येथे वाड्याचा पाया घातला आणि १७३२ च्या जानेवारीत वास्तुशांत झाली. त्या काळातले रस्ते पादचारी, घोडा, पालखी आणि बैलगाडी यांच्या मापाचे. रात्री सरदाराची पालखी निघाली की पुढे मशालजी चाले. एका हातात मशाल, दुसऱ्या हातात तेलाचा बुधला. मशाल वाट दाखवी, तसाच दर्जाही दाखवी. तिच्या उजेडात येणाऱ्याने बाजूला व्हायचे असते, हे सांगावे लागत नसे.

३/ पण मशालीने समोरच्याचे डोळे दिपून अपघात झाला, असे कधी ऐकले आहे काय? मशालीचा उजेड चहूकडे पसरे, दूर जाता जाता विरे आणि त्याचा वेग मशालजीच्या पावलांइतकाच असे. डोळे दिपवण्याची व्याधी पुढे जन्मली, ती दोन गोष्टींच्या संयोगातून: प्रकाशाला एका दिशेने फेकणारा वक्र आरसा आणि वेगवान गाडी. आरंभीच्या मोटारींत कार्बाइडवर पाणी ठिबकवून तयार होणारा ॲसिटिलीन वायू जळे, मागे आरसा असे. विजेचे दिवे आले आणि हा त्रास वाढला.

४/ येथून पुढची प्रत्येक महत्त्वाची सुधारणा पाहा. १९२४-२५ च्या सुमारास जर्मनीत एकाच बल्बमध्ये दोन तारा बसवल्या गेल्या: एक लांबच्या उजेडासाठी, दुसरी समोरून कोणी येत असता वापरायची. आपला डिपर तो हाच. १९३६ मध्ये फ्रान्सने पिवळ्या हेडलाइट सक्तीच्या करण्याचे ठरवले आणि तो देश १९९३ पर्यंत पिवळाच राहिला. (त्याचा प्रत्यक्ष लाभ किती झाला, हा वादाचा विषय आहे, हेतू मात्र स्पष्ट होता.) पुढे १९५० च्या दशकात युरोपने डिपरचा झोत मुद्दाम तिरपा केला: स्वतःच्या कडेला थोडा वर, समोरून येणाऱ्याच्या बाजूला खाली.

५/ १९७१ मध्ये एच४ हा हॅलोजन बल्ब आला. आजही असंख्य गाड्यांत तोच आहे. पुढच्या वेळी तो हातात आला तर निरखून पाहा. डिपरच्या तारेखाली पत्र्याची इवलीशी पन्हळ दिसेल. तारेचा उजेड रिफ्लेक्टरच्या खालच्या अर्ध्या भागावर पडू नये, एवढ्याचसाठी ती आहे; कारण तेथून परतलेला किरण वर, म्हणजे थेट समोरच्याच्या डोळ्यांत जातो.

६/ त्याच १९७१ च्या डिसेंबरात भारत-पाक युद्ध पेटले. शहरांत ब्लॅकआउट झाले, वाहनांच्या दिव्यांच्या वरच्या अर्ध्या भागाला काळा रंग फासला गेला. हेडलाइटवर काळा पट्टा किंवा ठिपका काढण्याची रीत आपल्याकडे त्यानंतरही बरीच वर्षे दिसत असे. उपाय ओबडधोबड होता, पण ज्यांनी तो केला त्यांना दिव्याचे शास्त्र आजच्या ‘मॉडिफिकेशन’वाल्यांपेक्षा अधिक कळत होते.

७/ आता नाना पेठेच्या सुट्या भागांच्या बाजारातून आणलेला एलईडी बल्ब त्या एच४च्या जागी बसवला की काय होते? रिफ्लेक्टरचा वळणन् वळण एका बारीक तारेच्या नेमक्या जागेसाठी आखलेला असतो. एलईडीच्या चकत्यांचा आकार वेगळा आणि त्या उजेड फेकतात दोन बाजूंना. जागा मिलिमीटरभर चुकली तरी झोत फिसकटतो. झेनॉनच्या ठिणगीचीही तीच कथा. डब्यावर लुमेनचा आकडा मोठा असतो, पण तो उजेड कोठे जातो हे डबा सांगत नाही. एच४च्या डिपरचा अधिकृत उजेड सुमारे १,००० लुमेन. चालकाला लांबचे दिसते ते त्याच्या शिस्तीमुळे.

८/ ‘मग प्रोजेक्टर बसवू’ हे उत्तर अधिक गंभीर आहे, कारण प्रोजेक्टरमध्ये झोत कापणारी पट्टी आणि पुढे भिंग असते. नीट बसवला तर तो खरोखर उत्तम. परंतु तिरपा झोत आठवा. उजवीकडून चालणाऱ्या देशांसाठी बनवलेला प्रोजेक्टर आपला झोत उजव्या बाजूला उचलतो. आपण डावीकडून चालतो. म्हणजे तो महागडा प्रोजेक्टर शिवाजी पुलावर प्रत्येक समोरच्या चालकाच्या डोळ्यांवर नेम धरून राहतो!

९/ कायदाही पाहू. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधला नियम १०६ एखाद्या भूमितीच्या प्रमेयासारखा आहे: दिव्यापासून ८ मीटर पुढे, गाडीच्या उजव्या कडेपासून अर्धा मीटर बाजूला आणि जमिनीपासून १.५ मीटर उंचीवर असलेला डोळा दिपता कामा नये. हा डोळा कोणाचा? ओंकारेश्वराचे दर्शन घेऊन रस्त्याच्या कडेने परतणाऱ्या वृद्धेचा. कित्येक बोळांची तर रुंदीही आठ मीटर नाही. वय वाढले की दिपलेला डोळा सावरायला अधिक वेळ लागतो. मोतीबिंदू असेल तर प्रकाश डोळ्यातच विखुरतो. गाडी निघून गेल्यावर तिच्या वाट्याला काही क्षणांचा पांढरा अंधार येतो आणि मागून दुचाकी येत असते.

१०/ जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निर्मात्याच्या मूळ तपशिलाला बाध आणणारे फेरफार अमान्य ठरवले. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने बेकायदा फेरफाराला प्रत्येकी ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही अशी शिक्षा आली. तरीही असे बल्ब विकले जातात आणि बसवलेही जातात.

११/ ‘सगळेच डोळे दिपवतात, मग मी का नाही?’ या प्रश्नात तथ्य एवढेच की कंपनीचे काही दिवे खरोखर मंद असतात आणि घाटात ते जाणवते. पण पेठेत महानगरपालिकेचे दिवे असतात. तेथे ही सबब चालत नाही. घाटातही गाडीच्या नाकासमोरचा रस्ता पांढराफटक झाला की बुबुळ आकसते आणि लांबचे कमी दिसते. ओल्या डांबरावर उजेड पुढे निसटून जातो: स्वतःला खड्डा दिसत नाही, समोरच्याला रस्ता दिसत नाही. उरते ती मशालजीच्या मागून येणाऱ्या पालखीची जुनी ऐट. पालखीला निदान मशालजीचा पगार तरी द्यावा लागे.

१२/ ज्यांना खरोखर कमी दिसते त्यांनी आधी पिवळी पडलेली काच पॉलिश करून घ्यावी, जुने बल्ब त्याच वॅटचे नवे घालावेत, वायरिंगमध्ये दाब पडत असेल तर रिले बसवून घ्यावा आणि गॅरेजात झोताची उंची तपासावी. अनेक गाड्यांत स्टिअरिंगच्या बाजूला ० ते ३ आकड्यांचे एक छोटे चक्र असते. मागे माणसे किंवा सामान असले की गाडीचे नाक वर जाते. तेव्हा झोत खाली आणायला ते दिलेले आहे. किती जणांनी ते आजवर एकदा तरी फिरवले आहे?